क्युबेकचा धूर, नागपुरातून बघताना

उन्हाळ्यात मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगलांवर उमटणारे लाल ठिपके मी आधीपासून बघत आले आहे. नासाच्या 'फर्म्स' नकाशावर ते दिसतात. उपग्रहाला आजूबाजूपेक्षा फार जास्त उष्णता जाणवली की तिथे ठिपका पडतो. आपल्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये ठिपके वाढतात. पण धुराच्या मागे जायची वेळ आली ती जून २०२३ मध्ये. भाची न्यू जर्सीत राहते, आणि कॅनडाच्या वणव्यांचा धूर तिकडे येतोय असं ती सांगत होती.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या आगी लगेच सापडल्या. धूर ओळखणं मात्र अवघड. नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावरच्या साध्या रंगीत चित्रात ढग पांढरेशुभ्र दिसतात, धूर राखाडी-निळसर, विरलेल्या कडांचा. पण पातळ ढग आणि पातळ धूर यांत डोळा हमखास फसतो. त्यावर उपाय सापडला तो लघु-अवरक्त चित्राचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशापेक्षा लांब लहरींत टिपलेल्या चित्राचा. धुराचे कण इतके बारीक असतात की त्या लांब लहरींना ते फारसे अडवत नाहीत. रंगीत चित्रात झाकलेलं तळं या चित्रात स्वच्छ दिसलं तर वर धूर, इथेही झाकलेलंच राहिलं तर ढग! एका तळ्यावर हे जुळलं आणि मी भराभरा बाकीची तळी तपासत सुटले.

तिकडच्या दुपारचं चित्र आपल्याकडे पहाटेपर्यंत येतं. ७ जूनच्या चित्रात धुराचा जाड तपकिरी पट्टा थेट न्यूयॉर्कवर उतरला होता. कारणही त्याच चित्रात होतं: किनाऱ्याजवळ समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र, ढगांचा भोवरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा, आणि त्याच्या पश्चिमेचे वारे धूर दक्षिणेला ओढून नेणारे. त्या दिवशी न्यूयॉर्कचा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) ४०० च्या वर, म्हणजे घातक पातळीवर गेला.

पुढे अटलांटिकवर ढगच ढग. तिथे रंगीत चित्र सोडून एरोसोल निर्देशांकाचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या कणांचा थर लावला. काजळीचे कण अतिनील किरणं शोषतात, म्हणून ढगाच्या वर असलेला धूरही त्यात उठून दिसतो. जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा थर. हा वायू हवेत कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे धूर विरळ झाला तरी वाट हरवत नाही. जूनच्या शेवटी हा पट्टा पोर्तुगाल-स्पेनवर पोचलेला बघितला.

भाचीला हवं होतं ते मात्र या चित्रांत नव्हतं. मुलांना बाहेर खेळायला सोडू का, एवढाच तिचा प्रश्न. उपग्रह वरून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र बघतो. तो काही किलोमीटर उंचावर आहे की नाकाशी, हे रंगीत चित्रातून कळत नाही. म्हणून तिला तिच्या गावातल्या हवामापन केंद्राचे आकडे बघायला सांगितले, पीएम २.५ चे, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक कणांचे, दर तासाला.