आकडा मर्यादेतच होता

सोलापुरात माझ्याकडे खांदे-कोपरं घेऊन येतात ते क्रिकेटवाले, नाहीतर लूमवरचे कामगार. त्यामुळे नववीतला, चौदा वर्षांचा पोरगा ‘मी बेसबॉलचा पिचर’, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, म्हणाला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

“मुका मार असंल ओ डॉक्टर,” वडील म्हणाले. आज्जीनं रोज तेल लावून चोळलं होतं. चोळणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. इथं नेमका नको तो.

हात सरळ कर म्हटलं, तर कोपर पूर्ण उघडेना. आतल्या बाजूचं हाडाचं टोक दाबलं आणि त्यानं हात झटकन ओढून घेतला. अस्थितज्ज्ञांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले. उजवीकडची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कच्चा भाग, डावीपेक्षा रुंद होती. फेकताना हात मागे ताणून पुढे येतो, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला जबर ओढ बसते. मोठ्या माणसाचा तिथला लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, फाटतो. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये अमेरिकन पिचर टॉमी जॉनवर शस्त्रक्रिया केली ती याचीच. पोरांत मात्र लिगामेंटआधी वाढपट्टी हार मानते.

“मॅचला किती पिच टाकतोस?”

“साठ-सत्तर, सर.”

अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांत या वयाला दिवसाला ९५ पर्यंत मुभा आहे. पण ६६ किंवा त्याहून जास्त टाकले की पुढे चार दिवस विश्रांती. याची विश्रांती म्हणजे दुसऱ्या दिवशीची प्रॅक्टिस. शिवाय पिचिंग संपलं की त्याच मॅचमध्ये कॅचर, म्हणजे प्रत्येक चेंडू परत फेकायचा. रविवारी टेनिस बॉलवर फास्ट बोलिंग, ते वेगळंच. यातलं काहीच कुणी मोजत नव्हतं.

वडील लूमवर कामाला. ऐकून म्हणाले, “म्हंजे मशीन बरंय, पाळ्या डबल लागल्या.” इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

सहा आठवडे फेकणं बंद. मग दुखत नसेल, कोपर पूर्ण उघडत असेल, तरच जवळच्या अंतरावरून सुरुवात. तोवर पाय, कंबर आणि खांद्याच्या पात्याचे व्यायाम. फेकीचा जोर पायांतून येतो, तिथं कमी पडला की हात भरून काढतो.

त्यांच्या कोचचा फोन आला. “फर्स्ट बेसला तर चालंल ना?”

“तिथूनही फेकावंच लागतं.”

“मग दुसरा पिचर तयार करावा लागंल,” ते नाराजीनंच म्हणाले. त्यालाही आधी दाखवून न्या, म्हटलं.