तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल, बावखल आणि टँकर

मी वसईचा कॅथलिक, शाळेत भूगोल शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. हे कळलं की शिक्षकांच्या प्रशिक्षणात, लग्नाच्या पंगतीत, अगदी विरार लोकलमध्ये लटकत असतानाही एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या बायबलातच लिहिलंय ना, माणसानं पृथ्वीवर सत्ता गाजवावी म्हणून? मग चर्च कुठलं पर्यावरण शिकवणार?"

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारानं 1967 साली 'सायन्स' नियतकालिकात साधारण हाच आरोप केला होता. गंमत म्हणजे त्याच लेखाच्या शेवटी त्यानं असिसीच्या संत फ्रान्सिसचं नाव पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून सुचवलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये फ्रान्सिसला तो मान दिलाही.

तर हो, लिहिलंय. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण पान उलटलं की दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करायला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, म्हणजे पोपनं चर्चच्या शिकवणुकीबद्दल सगळ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात, ही दोन वचनं शेजारी ठेवली आणि पहिल्याचा अर्थ मनमानी असा लावणं चूक आहे, असं स्पष्ट म्हटलं. ख्रिस्ती लोकांनी तसा अर्थ लावला होता, हेही त्यांनी झाकलं नाही. आमच्याकडच्या वाडीवाल्याला, म्हणजे बागायतदाराला, हे समजावून सांगावं लागत नाही. पानवेल आणि केळी लावणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की राखण सोडली तर पुढच्या वर्षी मशागतीला काही उरत नाही.

आता वसईचं. आमच्याकडे बावखल असतं. वाडीत खणलेलं मोठं तळं, पावसाचं पाणी साठवणारं. ते पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी भरतात. समुद्र जवळ असल्यामुळे त्याचं काम आणखी मोठं आहे. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत ते खाऱ्याला खाली दाबून धरतं, असा ठोकताळा आहे. म्हणजे उपशामुळे वरची पातळी थोडी घटली, तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. बावखलं बुजली, रहाट गेले, विहिरींवर मोटारी बसल्या आणि वाड्यांतलं पाणी टँकरनं इमारतींना विकलं जाऊ लागलं. बऱ्याच विहिरी खाऱ्या झाल्या. याविरुद्ध इथं 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली आणि तिच्या पुढे एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक, नंतर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 मध्ये ते गेले. 'लाउदातो सी' येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रोमनं शिकवलं आणि वसईनं गिरवलं, असं इथं घडलेलं नाही.

मग परिपत्रकाचा मला उपयोग काय? त्याचा सहावा अध्याय शिक्षणावर आहे, आणि त्यात एक वाक्य मला शिक्षक म्हणून बोचतं. पर्यावरण शिक्षण कधीकधी माहिती देऊन थांबतं, सवयी लावत नाही, असा त्याचा आशय. शाळेत मी रोज तेच बघतो. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच पर्यावरण हा विषय शिकवायला सांगितलं. संयुक्त राष्ट्रांनी 2005 ते 2014 हे दशक शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाला वाहिलं. आपल्याकडे नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयही आला. आणि मुलं काय करतात? प्रकल्पवहीत इंटरनेटवरची चित्रं चिकटवतात, त्याही चकचकीत कागदावर. (प्रकल्पाची तयार पानं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. तो धंदा तेवढा शाश्वत निघाला.)

चर्चची बाजूही फार वेगळी नाही. 1 सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना होते, एक रोप लागतं, फोटो निघतो. रोपाला पाणी कोण घालतंय, हे ऑक्टोबरात कोणी विचारत नाही.

म्हणून माझ्या वर्गात मी गणित घालतो. एक एकर वाडीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी? उत्तर सुमारे 40,000. म्हणजे दहा हजारी टँकर चार. आमच्याकडे पावसाळ्यात दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे त्याच एकरावर आठशे टँकर. यातलं किती मुरतं आणि किती गटारातून खाडीला जातं, हे शोधायला मुलं घरी जातात. आजीला विचारतात की बावखल कुठं होतं. बहुतेकदा उत्तर येतं, "अरे, आता जिथं पार्किंग आहे ना, तिथंच." मग रविवारी त्याच मुलांपुढे मी परिपत्रकाचा तिसावा परिच्छेद वाचतो. पिण्याचं पाणी हा मूलभूत हक्क आहे, आणि काही ठिकाणी त्याला बाजारातला माल करण्याकडे कल वाढतोय. मुलांना आपल्याच गल्लीतला टँकर दिसतो.

इथपर्यंत सगळं छान. एकदा एका मुलाच्या वडिलांनी मला गाठलं. "सर, बावखल बुजवून जागा दिली नसती, तर याच्या बहिणीच्या इंजिनिअरिंगची फी तुम्ही भरली असती का?" त्यांच्या भाजीला भाव नव्हता, मजूर मिळत नव्हते आणि दारात बिल्डर पैसे घेऊन उभा होता. परिपत्रक म्हणतं की पृथ्वीचं रडणं आणि गरिबाचं रडणं एकत्र ऐका. ठीक. पण वाडी राखणाऱ्याला वाडीवर जगता आलं पाहिजे, ही व्यवस्था धर्मशिक्षणाच्या वर्गात होत नाही. ती भाजीच्या बाजारात होते, नगररचनेच्या आराखड्यात होते, आणि पाण्याचा पैसा कोणाला मिळतो यावर ठरते. आमच्या कॅथलिक कुटुंबांनीही जमिनी विकल्या आहेत, बावखलं बुजवली आहेत, आणि त्या पैशांतून चर्चला देणग्याही दिल्या आहेत. हे वर्गात बोलायला लागलो की पालक अस्वस्थ होतात, कधी फादरही.

त्या वडिलांचा प्रश्न मी नावगाव न सांगता वर्गापुढे ठेवतो. वाडी विकली तर किती पैसे येतील, राखली तर काय मिळेल, बावखल साफ ठेवायला वर्षाला किती खर्च येतो आणि तो शेजारच्या सोसायटीनं का उचलू नये, कारण मुरलेलं पाणी तिच्या बोअरलाही जातं, यावर मुलं भांडतात. सोसायटीत राहणारी मुलंही त्याच वर्गात असतात, त्यामुळे भांडण एकतर्फी होत नाही. गेल्या पावसाळ्यात यातूनच दोन गट निघाले. एक विहिरींची पातळी मोजतोय, दुसरा सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटायला गेला. सेक्रेटरींनी पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेऊ म्हणून सांगितलंय. सभा अजून व्हायची आहे.