दवाखान्यासाठी मत
काल प्रचाराला आलेल्या भाऊंना एवढंच विचारलं की रात्री दवाखान्यात डॉक्टर का नसतो, तर त्यांनी बोलण्याची गाडी लगेच पेव्हर ब्लॉकवर नेली. मला इंग्लंडमधलं किडरमिन्स्टर आठवलं. गालिच्यांचं गाव. तिथल्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी बंद करायचं ठरलं, २००० साली ती झालीही, इमर्जन्सीला पार वूस्टर गाठायचं, लोक असले भडकले की 'हेल्थ कन्सर्न' नावाने थेट कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, निवडणुकीत उतरले आणि मोठ्या पक्षांच्या जागा खाल्ल्या. गंमत म्हणजे हॉस्पिटल कौन्सिलच्या हातात नव्हतंच! २००१ ला तर त्यांचेच रिटायर्ड डॉक्टर रिचर्ड टेलर १७,६३० च्या लीडने खासदार झाले. कॅज्युअल्टी काही परत आली नाही, किरकोळ जखमांच्या युनिटवरच भागवावं लागलं. भाऊंच्या पत्रकात दवाखाना आहे म्हणा, शेवटच्या ओळीत, 'इत्यादी'च्या आधी.