तीन गुणांची आघाडी

बास्केटबॉलचा सामना, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरचे 11 सेकंद उरले होते, आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि समोरच्या कोचने टाइम-आउट घेतला. प्रेक्षकांना वाटत होतं, सामना खिशात. मला घाम फुटला होता.

टाइम-आउट म्हणायला एक मिनिटाचा. पन्नासाव्या सेकंदाला बझर वाजतो, आणि त्याआधी अर्ध्या पोरी पाणी पीत असतात, अर्ध्या धापा टाकत असतात. तेवढ्यात ठरवायचं: डिफेन्स की फाउल? डिफेन्स केला तर समोरच्या पोरी लांबून तीन गुणांचा शॉट घेणार. बसला की बरोबरी आणि ओव्हरटाइम. मुद्दाम फाउल केला तर एकेका गुणाचे दोनच फ्री थ्रो, दोन्ही बसले तरी आम्ही एका गुणाने पुढे.

खेळत होते तेव्हा मला हा हिशेब कधी पटला नाही. मी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी. समोरचीला अडवणं हेच माझं काम, आणि कोच ‘फाउल कर’ म्हणाले की वाटायचं, यांचा माझ्यावर भरवसाच नाही.

त्या दिवशी कोच मी होते, आणि नेमकं तेच माझ्या पॉइंट गार्डने मला ऐकवलं. “ताई, फाउल नको. मी अडवते तिला.”

तिची नजर समोरच्या संघाच्या शूटरवर होती. माझी स्कोअरबोर्डवर. क्वार्टरमध्ये आमचे तीनच टीम फाउल झाले होते, म्हणजे चौथा फुकट होता. त्यावर त्यांना फक्त थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला मिळणार आणि दोन-तीन सेकंद जाळता येणार. फ्री थ्रो पाचव्यापासून. “चेंडू आत आल्याशिवाय हात लावायचा नाही,” मी सांगितलं. आता शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इन व्हायच्या आधी फाउल केला तर त्यांना एक फ्री थ्रो मिळतो आणि वर चेंडूही त्यांच्याकडेच राहतो. “आणि शॉटला उठली की हात मागे.” तीन गुणांच्या शॉटवर फाउल म्हणजे तीन फ्री थ्रो, सगळं मुसळ केरात.

पोरगी काही बोलली नाही. आत गेली आणि सांगितलं तसंच केलं. पहिला फाउल, पुन्हा थ्रो-इन, दुसरा फाउल. 5 सेकंद, दोन फ्री थ्रो.

पुढचं ठरलेलंच असतं. त्यांनी पहिला बसवायचा, दुसरा मुद्दाम रिंगवर आपटायचा, उडालेला चेंडू म्हणजे रिबाउंड घेऊन बरोबरी साधायची. म्हणून पहिल्या फ्री थ्रोच्या आधीच मी बदल मागितला, कारण दोन फ्री थ्रोंच्या मध्ये तो मिळत नाही. जिला आत पाठवलं ती सगळा सामना बेंचवर होती. उंची बेताची, शॉट बेताचा, पण कंबर खाली घालून समोरचीला पाठीवर घेते, चेंडूपर्यंत पोचू देत नाही. यालाच बॉक्स आउट म्हणतात. मी तिला एवढंच म्हणाले, “चेंडूकडे बघूच नकोस. त्यांच्या सेंटरला, त्या उंच पोरीला, बॉक्स आउट कर.”

मॅजिक जॉन्सनसारखा महान खेळाडू 1994 मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या लेकर्स संघाचा कोच झाला आणि 16 सामन्यांत 11 हरून बाजूला झाला. फिल जॅक्सन त्याच लीगमध्ये निक्स संघाकडून खेळला तो बहुतेक बेंचवरून, आणि कोच म्हणून त्याने 11 अजिंक्यपदं मिळवली. यावरून नियम काढू नये. खुद्द बिल रसेलसारख्या दिग्गज खेळाडूने खेळता खेळता कोचिंग करून 1968 आणि 1969 ची अजिंक्यपदं जिंकली. पण बेंचवर बसलेल्याला चेंडू सोडून बाकीचे नऊ जण दिसतात, हे मला स्वतः बेंचवर आल्यावर कळलं. खेळताना ही मुलगी मला दिसलीच नसती.

पहिला फ्री थ्रो बसला. दुसरा रिंगला लागून लांब उडाला. त्यांची सेंटर आमच्या त्या मुलीच्या पाठीला अडकून हात वर करत राहिली, आणि चेंडू पडला थेट माझ्या पॉइंट गार्डच्या हातात. तिने दोन ड्रिबल मारले, बझर झाला.

फोटो पॉइंट गार्डचे निघाले. स्कोअर शीटवर त्या मुलीच्या नावापुढे सगळी शून्यं, कारण बॉक्स आउटचा रकाना तिथे नसतो. मी माझ्या वहीत तो कधीपासून आखून ठेवला आहे.

बसमध्ये पॉइंट गार्ड शेजारी येऊन बसली. “ताई, मी अडवलं असतं तिला.”

“अडवलं असतंस,” मी म्हणाले. “पुढच्या वेळीही फाउलच करायला सांगणार.”