18 फुटी बोट: बॅटरी आत गेली, वायरिंग दोनदा झालं

आम्ही बांधतोय त्या शिडाच्या बोटीच्या डेकला मागच्या वेळी शेवटचा इपॉक्सीचा हात दिला तिथं थांबलो होतो, त्यानंतर बेळगावात उद्यमबागच्या शेडमध्ये पाऊस लागला की पत्र्याचा आवाज एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, मग म्हटलं सँडिंग राहू दे, लाईटचं काम काढूया. पाण्यात आधी हिडकल धरणावर घालायची आहे आणि सगळं नीट झालं तर दिवाळीनंतर ट्रेलरवर टाकून कारवार, म्हणजे खारं पाणी येणार हे धरूनच सगळं करायला लागलोय.

पहिला प्रश्न बॅटरी. दुकानात गेलो तर मालक म्हणाले, घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर घाला की, इष्टे साकु री (एवढं पुरे हो)! आता ती 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँप किती तास देते ते माप), पन्नास किलोच्या वर, आणि आत पातळ ॲसिड. बोट वाऱ्यानं कलंडली की ॲसिड बाहेर, आणि खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू होतो. गाडीचीही नको, ती स्टार्टरला दोन सेकंद दणका द्यायला केलेली असते, आमचं इंजिन दोरी ओढून चालू होणारं अडीच एचपीचं, त्याला बॅटरीच लागत नाही.

मग वही घेऊन बसलो. अँकरचा एलईडी दिवा 2 वॅटचा, रात्रभर 11 तास म्हणजे 1.8 एएच. बाजूचे नि मागचे दिवे चार तास, 2. जीपीएस-डेप्थचा छोटा स्क्रीन 0.8 अँप, आठ तास, 6.4, हाच सगळ्यात खादाड निघाला. दोन मोबाईल 3, आतला दिवा 1.2, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) 3 अँपचा, पंधरा मिनिटं धरला तर पाऊण. व्हीएचएफ रेडिओला (बोटीवरून बोलायचा वायरलेस) लायसन्स लागतं, ते झाल्यावर बसवायचा, पण हिशोबात आत्ताच घेतला, ऐकताना आणि बोलताना मिळून 4. एकूण 19 च्या वर, चला 20. दोन दिवसांचे 40.

लेड ॲसिड सारखी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे 80 एएचची घ्यायला पाहिजे, वीस-पंचवीस किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 80 टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणून 50 एएच पुरते आणि वजन सहा किलोच्या आसपास. महाग आहे, घरात किंमत अजून सांगितलेली नाही. पण एवढ्याशा बोटीत पंधरा-वीस किलो कुठं आहेत यावर चाल बदलते, म्हणून घेतली. सेंटरबोर्डच्या (बोटीखाली पाण्यात सोडायची उभी फळी) पेटीला लागून प्लायचा ट्रे केला, वरून पट्टा आवळला, बोट उलटी झाली तरी जागा सोडणार नाही असा.

वायर टिनची कलई असलेली, बारीक तारांची. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्शुलेशनच्या आत काळं पडत जातं आणि बाहेरून काही कळत नाही. घरासारखी एकतारी वायर तर हादऱ्यानं तुटतेच. जाडी ठरवायला 0.0175 गुणिले जाण्या-येण्याची लांबी (मीटरमध्ये) गुणिले अँप, भागिले स्क्वेअर एमएम, म्हणजे वायरमध्ये किती व्होल्ट पडतात ते निघतं. पंप 4 मीटरवर, 2.5 एमएम घातली तर 0.17 व्होल्ट पडतात, ठीक आहे. दिव्यांना तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं असं धरलंय.

रंगावरून मामांशी वाद झाला. मामा म्हणजे शेजारचे मोटर वायंडिंगवाले. अमेरिकेत बोटीवर डीसी निगेटिव्हला पिवळी वायर वापरतात असं मी वाचलेलं, कारण तिकडं घरात काळी म्हणजे फेज. मामा म्हणाले, "अरे आमच्याकडं पिवळी म्हणजेच फेज, काळी न्यूट्रल. उद्या दुसरा कोण हात घालंल तर घोटाळा हुईल की!" पटलं. बोटीवर 230 व्होल्ट येणारच नाही, लाल-काळीच ठेवली. पण जोडांना सोल्डर करा म्हणाले ते नाही ऐकलं, सोल्डर संपतं तिथं वायर कडक होते आणि हादऱ्यानं बरोबर तिथंच मोडते. क्रिंप, म्हणजे वायरच्या टोकावर धातूचा लग दाबून बसवायचा, आणि वर गरम केली की आवळणारी गोंदवाली नळी, हीट श्रिंक.

आणि इथंच माती खाल्ली. क्रिंपिंग टूल कुरियरमध्ये अडकलेलं, मला दम निघेना, दोन-तीन लग पक्कडीनं दाबून टाकले. पंप बादलीत चालवून बघितला तर रडतखडत फिरतोय. बॅटरीवर 13.2, पंपाशी 11.4! हिशोबानं 0.17 पडायला पाहिजे होते, पडले 1.8. पंप चालू ठेवून मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकेका जोडाच्या अल्याड-पल्याड लावत गेलो, बाकी सगळीकडं व्होल्टचा शंभरावा भाग, निगेटिव्ह बसबारच्या (सगळ्या निगेटिव्ह वायरी जोडायची पट्टी) एका लगवर एकदम 1.4. म्हणजे चार वॅट तिथंच जळतायत, हात लावला तर चटका. ओढला तर वायर अलगद हातात. सगळे लग कापून परत केले, आता पंपाशी 12.9 येतात.

फ्यूज 40 अँपचा, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला राखणारा कोण नसतो. मेन केबल 10 एमएम. बिल्ज पंप मेन स्विचच्या आधीच वेगळ्या 5 अँपच्या फ्यूजवर, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलो तरी तळात पाणी वाढून फ्लोट (तरंगणारा स्विच) उचलला की चालू.

सोलर 50 वॅटचं पॅनेल आहे, कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली मग पॅनेल, सेटिंग लिथियमवर, 14.4 व्होल्ट. त्याचं खरं काय ते ऊन पडल्याशिवाय सांगत नाही, आमच्याकडं सध्या चार दिवस झाले सूर्य दिसलेला नाही.

डोलकाठीच्या पायाशी वायरचा जोड कसा करायचा ते अजून ठरत नाही. डेकवर प्लग ठेवला तर पाणी जाणार, आत घेतला तर डेकला भोक पाडायला पाहिजे, आणि एवढं इपॉक्सी घासून-घासून केलेल्या डेकवर ड्रिल ठेवायला हात धजत नाही. कुणी केलं असेल तर फोटो टाका.