‘पी ०४०१’ या कोडचा माग : माझा अनुभव

आमच्या बीएस ४ डिझेल गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तोवर आणखी दोन तक्रारी सुरू झाल्या होत्या. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात गाडीचा पिकअप चांगलाच कमी जाणवत होता आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की मागे काळा धूर दिसत होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी ०४०१’ हा कोड निघाला. ईजीआर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा काही वायू पुन्हा आत सोडणारी यंत्रणा, हिच्यामधून येणारा वायूचा प्रवाह अपुरा आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेथे ईजीआरचा व्हॉल्व्ह काढून साफ करून बसवण्यात आला, पण काही दिवसांतच दिवा पुन्हा लागला आणि आता नवा व्हॉल्व्हच टाकावा लागेल असे मला सांगण्यात आले. खर्च मोठा होताच, पण त्याहीपेक्षा मला खटकले ते हे, की कोड आणि धूर यांचा मेळ बसत नव्हता.

ईजीआर व्हॉल्व्ह इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. या वायूत ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि अतिउच्च तापमानाला झपाट्याने तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ताजी हवा कमी पडते, काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही. मात्र तो बंद अडकला किंवा त्याची वाट काजळीने बुजली, तर डिझेल इंजिनाचा काळा धूर वाढण्याचे कारण उरत नाही. आमच्या गाडीचा कोड प्रवाह कमी असल्याचे सांगत होता आणि गाडी तर धूर ओकत होती.

डिझेल पंप आणि इंजेक्टरची कामे करणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या मेस्त्रींकडे मी गाडी नेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, व्हॉल्व्ह राहू द्या, आधी हवा कुठं जाते ते बघू.” त्यांच्या या वाक्यातच पुढच्या तपासणीची दिशा होती. आमच्या गाडीत ईजीआरमधून किती वायू गेला हे थेट मोजणारा सेन्सर नाही. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला एअर फ्लो सेन्सर आत येणारी ताजी हवा मोजतो. व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधली काही जागा जुना वायू व्यापतो, म्हणून ताज्या हवेचा आकडा खाली यायला हवा. तो अपेक्षेइतका खाली आला नाही, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ‘पी ०४०१’ नोंदवतो. म्हणजे ईसीयूचा हा केवळ अंदाज असतो आणि हवेच्या मोजमापात गडबड असेल तर तो चुकू शकतो.

त्यांनी इंजिन पूर्ण गरम होऊ दिले, गाडी न्यूट्रलवर ठेवली आणि स्कॅनरमधून व्हॉल्व्हला उघडण्याचा आदेश दिला. पडद्यावर आदेश आणि व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती हे दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने वर गेले, हवेचा आकडा लगेच उतरला आणि इंजिन किंचित थरथरू लागले. आदेश मागे घेताच सारे पूर्ववत झाले. याचा अर्थ व्हॉल्व्हची मोटर, त्याचा स्थिती दाखवणारा सेन्सर आणि वायूची वाट, तिन्ही ठीक होते. कनेक्टरवरचा पाच व्होल्टचा पुरवठाही त्यांनी मल्टिमीटरने तपासला. त्यातही दोष नव्हता.

आता दोष असा शोधायचा होता, की जो न्यूट्रलवर लपतो आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब चढल्यावर प्रकट होतो. त्यासाठी मेस्त्रींनी एअर फ्लो सेन्सरच्या पुढचा पाइप सोडवला, त्याच्या तोंडाशी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले रबरी बूच घट्ट आवळले आणि कॉम्प्रेसरने अगदी बेताचा, अर्ध्या बारच्या आसपास दाब दिला. मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडले. वरच्या बाजूला काहीच दिसेना. टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला मात्र फेस फुगू लागला. होज पुसून बोटांनी वाकवला तेव्हा नखाएवढी चीर उघडली. हात काढताच ती अशी मिटली की तेलकट काळ्या डागावाचून काही कळू नये.

साऱ्या तक्रारींचा उलगडा तेथे झाला. दाब चढला की सेन्सरने मोजून आत सोडलेली हवा त्या चिरेतून बाहेर जात होती. सिलिंडरला हवा कमी पडत असल्यामुळे काळा धूर येत होता आणि पिकअप जात होता. गळतीची भरपाई म्हणून सेन्सरमधून जास्त हवा ओढली जात होती आणि तो वाढीव आकडा पाहून ईजीआरचा वायू येत नाही, असा निष्कर्ष ईसीयू काढत होता.

मधल्या काळात एका ठिकाणी मला ईजीआरच्या वाटेत पत्र्याची चकती टाकून तो कायमचा बंद करण्याचा सल्लाही मिळाला होता. तो मी स्वीकारला नाही आणि कोणीही स्वीकारू नये असे मला मनापासून वाटते. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची केवळ घनता मोजली जाते, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जात नाहीत, त्यामुळे ही चकती तेथे पकडली जाणार नाही. पण तो वायू श्वासावाटे माणसांच्याच फुप्फुसांत जातो. शिवाय आमच्या गाडीचा दोष त्या चकतीने तसूभरही सुटला नसता.

नवा होज आणि दोन्ही टोकांना नव्या क्लिपा बसवल्या. आधीच्या सफाईनंतर राहून गेलेली, व्हॉल्व्हची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवण्याची क्रियाही मेस्त्रींनी स्कॅनरवरून पूर्ण केली आणि कोड पुसला. त्यानंतर खंबाटकीच्या चढावर मी गाडी चालवत असताना त्यांनी शेजारी बसून पुन्हा आकडे पाहिले. टर्बोचा प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबाला धरून होता आणि मागे धूर नव्हता. व्हॉल्व्ह मूळचाच आहे आणि दिवा पुन्हा लागलेला नाही.