पाच टक्के कुठे गेले? एम्युलेटर आणि मूळ यंत्रांची मोजणी

एम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. तो मूळ यंत्राच्या वेगाशी नेमका किती जुळतो, ते मी मोजतोय. या खेपेला कमोडोर ६४ची (सी६४) मोजणी बऱ्यापैकी मार्गी लागली, झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाची अर्धी झाली, आणि आयबीएम पीसीच्या ८०८८ प्रोसेसरने मात्र घाम फोडलाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच: आजच्या संगणकावर १ मेगाहर्ट्झचं यंत्र चालवायला अडचण ती काय? ताकदीची काहीच नाही. सरासरी वेग जुळवणं पोरखेळ आहे. खरी मारामारी आहे ती प्रोसेसरला नेमकं कुठल्या क्षणी थांबवलं जातं याची.

पाल टीव्ही पद्धतीच्या सी६४चा प्रोसेसर सेकंदाला ९,८५,२४८ सायकली, म्हणजे घड्याळाचे ठोके, चालतो. एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका पूर्ण चित्रात, ३१२ ओळी, ओळीला ६३ सायकली, म्हणजे एकूण १९,६५६. पण त्या सगळ्या प्रोसेसरच्या वाट्याला येत नाहीत. अक्षरांच्या दर ओळीच्या सुरुवातीला चित्र काढणारी व्हिक चिप बस (मेमरीकडे जाणारा सामायिक रस्ता) ताब्यात घेते आणि ४० ते ४३ सायकली गिळते. अशा २५ 'बॅडलाइन' असतात. हिशोब करा, साधारण पाच टक्के होतात. स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी छोटी चित्रं) चालू असले तर आणखी जातात, ते वेगळंच.

चाचणी अगदी सोपी आहे. बेसिकमध्ये एक रिकामं लूप फिरवायचं, टीआय या चलातून वेळ घ्यायचा. मग ५३२६५ या रजिस्टरमधला १६ किमतीचा बिट शून्य करून पडदा बंद करायचा आणि तेच लूप पुन्हा फिरवायचं. पडदा बंद म्हणजे बॅडलाइन नाहीत, म्हणजे लूप लवकर संपायला हवं. मूळ यंत्रावर फरक पाच टक्क्यांच्या किंचित वर येतो. व्हाइस या सी६४च्या एम्युलेटरमध्येही तसाच आला. ज्या एम्युलेटरमध्ये हा फरक दिसत नाही, त्याच्याकडे पुढचं काही मोजायला मी जातच नाही.

आता यातली खरी गंमत. टीआय हे घड्याळ सीआयए या टायमर सांभाळणाऱ्या चिपच्या टायमरवर चालतं आणि तो टायमर त्याच सायकली मोजतो. म्हणजे एम्युलेटर अर्ध्या वेगाने रखडत असो की वार्प मोडमध्ये (वेगाची मर्यादा काढून) सुसाट सुटलेला असो, टीआय तेच उत्तर देणार! आतल्या घड्याळाला बाहेरचा वेळ कळण्याची सोयच नाही. त्यामुळे 'माझा एम्युलेटर बेंचमार्कमध्ये शंभर टक्के आला' असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न: वेळ कुठल्या घड्याळाने घेतला?

सीआयएमध्ये तारीख-वेळेसाठी म्हणून दुसरंही एक घड्याळ आहे. मूळ यंत्रात ते विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झवर चालतं, क्रिस्टलवर नाही. म्हणून खऱ्या सी६४वर दोन्ही घड्याळं बराच वेळ चालू ठेवली की हळूहळू एकमेकांपासून सरकतात. एम्युलेटरला भिंतीतली वीज नसते. तो हे ठोके स्वतःच्याच हिशोबातून तयार करतो.

स्पेक्ट्रमची तऱ्हा निराळी. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, फ्रेमला ६९,८८८ टी-स्टेट (इथल्या सायकलींचं नाव). इथे चित्र काढणारी युएलए चिप फक्त खालच्या १६ केबी रॅमसाठी आडवी येते, तेही चित्र काढण्याच्या १९२ ओळींतच. तेच मशीन कोड २४५७६ पत्त्यावर ठेवलं तर रेंगाळतं, ३२७६८ वर ठेवलं तर मोकळं धावतं. दर आठ टी-स्टेटमध्ये प्रोसेसर कितव्या ठोक्याला येतो त्यावर तो किती टी-स्टेट थांबेल ते ठरतं; तो क्रम ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा आहे. दोन्ही पत्त्यांवरचे आकडे हाती आहेत. सूचनागणिक तपासणी बाकी.

८०८८कडे वळतो. इंटेलच्या तक्त्यात रजिस्टर एका बिटाने डावीकडे सरकवायला २ सायकली लिहिल्या आहेत. पण ती सूचना दोन बाइटची, बस आठ बिटांची, आणि एक बाइट आणायला ४ सायकली. आधीच आणून ठेवलेल्या सूचनांच्या रांगेत जागा चारच बाइटची. अशा सूचना ओळीने लावल्या की प्रत्येकीला २ नव्हे, ८ सायकली पडतात. म्हणजे निव्वळ तक्त्यावर बेतलेला एम्युलेटर इथे चौपट वेगवान ठरतो, आणि गुणाकारासारख्या लांबलचक सूचनांवर जवळपास बरोबर. एकच 'वेग' सांगून भागत नाही ते यामुळे. डॉसबॉक्स या पीसीच्या एम्युलेटरमधली 'सायकल' तर ढोबळमानाने एक सूचनाच असते, त्यामुळे ती कितीही फिरवली तरी ४.७७ मेगाहर्ट्झचं यंत्र हाती लागत नाही. खेळ खेळायला उत्तम, मोजायला निरुपयोगी. २०१५च्या रिव्हिजन या डेमो-स्पर्धेत '८०८८ एमपीएच' हा डेमो (यंत्राची करामत दाखवणारा प्रोग्राम) आला तेव्हा त्या वेळच्या एम्युलेटरांची त्याने दांडी उडवली ती याच बारकाव्यांवर. पुढे मार्टीपीसी या एम्युलेटरने सायकलीगणिक हिशोब ठेवून तो चालवून दाखवला.

फ्लॉपीबद्दल थोडक्यात. सी६४चा १५४१ ड्राइव्ह मूळ रूपात सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास देतो. ४० केबीचा प्रोग्राम पावणेदोन मिनिटं घेतो. एम्युलेटरने शॉर्टकट मारला तर क्षणात येतो, पण फास्टलोडर (फ्लॉपीवरून वाचणं वेगवान करणारे प्रोग्राम) बंद पडतात, कारण ते ड्राइव्हमधल्या प्रोसेसरवर स्वतःचा कोड चालवतात. ड्राइव्हचं पूर्ण एम्युलेशन चालू ठेवूनच मोजा.

आता पुढचं काम. पीसीमध्ये दर ७२ सायकलींनी रॅमचं रिफ्रेश (साठवलेली माहिती पुसू नये म्हणून ताजी करणं) होतं, आणि सीजीए या चित्र-कार्डाची एक ओळ ३०४ सायकलींची असते. दोन्हींचा भागाकार पूर्ण जात नाही, म्हणून प्रत्येक ओळीत रिफ्रेश वेगळ्या जागी पडतं आणि माझे आकडे हलत राहतात. रिफ्रेशचं अंतर ठरवणाऱ्या टायमरच्या १ क्रमांकाच्या चॅनलमध्ये १८ऐवजी १९ घातले की अंतर ७६ सायकलींचं होतं, ओळीत बरोबर चारदा. असं बांधून घेतलेलं लूप मूळ यंत्रावर आणि मार्टीपीसीवर पडद्यावरच्या एकाच रास्टर जागेपासून (चित्र रेखाटणं जिथे पोचलंय त्या ठिकाणापासून) सुरू करायचं आहे. कोड लिहून झालाय, मूळ यंत्रावर तो अजून चढवायचाय.